‘पाणी कुठवर येते?’

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो. साधु-साध्वींचे विहार सुरू होतात, लग्नाचे मुहूर्त निघू लागतात आणि त्याच सुमारास घरे पाहण्याचेही दिवस येतात. मालाडला घर पाहावयास निघालेले कुटुंब बरेच काही पाहते. मंदिर आणि उपाश्रय चालत जाण्याच्या अंतरावर आहेत का, नळाला पाणी किती वेळ येते, स्वयंपाकघर कोणत्या दिशेला आहे, स्टेशनला रिक्षा किती वेळात पोचते, जवळ शाळा कोणती. वयस्कर आईवडील बरोबर राहणार असतील तर तळमजला किंवा पहिला मजला आवर्जून मागितला जातो. गुडघे दुखतात, लिफ्ट बंद पडली तर अडचण नको. डिसेंबरच्या कोरड्या उन्हात आवार स्वच्छ दिसते, जिन्याला नवा रंग दिलेला असतो आणि तळमजल्याचे घर वरच्यापेक्षा थोडे स्वस्तही मिळत असते. सौदा ठरतो. ज्या चार महिन्यांत त्या घराची खरी परीक्षा होते, ते चार महिने मात्र घेणाऱ्याने पाहिलेलेच नसतात.

पुढची तयारी कसोशीची असते. वकील तीस वर्षांचा मालकीहक्काचा शोध घेतो. सूची क्रमांक दोन, मिळकत पत्रिका, सोसायटीचे ना-हरकत पत्र, भागदाखला, घरपट्टीची पावती असे सारे तपासले जाते. कर्ज देणारी बँक आपला मूल्यमापक पाठवते, तो चौरस फूट मोजतो आणि आसपासचा दर पाहून आकडा लिहितो. तीस वर्षांत हे घर कोणाच्या नावावर होते हे कागदावर येते. त्याच तीस वर्षांत या घरात पाणी किती वेळा शिरले, हे कोठेच लिहिले जात नाही. आश्चर्य असे की हे गुपित मुळीच नसते. रखवालदाराला ते ठाऊक असते, समोरच्या किराणा दुकानदाराला ठाऊक असते, मजल्यावरच्या प्रत्येक शेजाऱ्याला ठाऊक असते. साऱ्या व्यवहारात ते ठाऊक नसलेला माणूस एकच असतो, आणि आयुष्याची पुंजी तोच घालीत असतो.

मालाडची भूमी ज्याने नीट न्याहाळली त्याला हा प्रश्न का विचारावयाचा ते वेगळे सांगावे लागत नाही. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आहेत. तेथून उतार सुरू होतो तो कुरार, मग पश्चिम द्रुतगती महामार्ग, मग रेल्वेचे रूळ, स्वामी विवेकानंद मार्ग, लिंक रोड असा करीत पश्चिमेला मालाडच्या खाडीपर्यंत जातो. डोंगरावर पडलेल्या पावसाला खाडीस मिळावयाचे असते. त्याच्या वाटेत महामार्ग आणि रूळ हे दोन आडवे बांध आहेत, आणि त्यांच्या पोटातून जाणाऱ्या मोऱ्या व नाले हीच काय ती त्याची दारे. पोयसर नदी आणि ओशिवरा नदी याच खाडीच्या दिशेने जातात. खाडीला भरती असेल तर पुढचे दार बंद, डोंगरावर पाऊस असेल तर मागून लोंढा. लिंक रोडच्या पश्चिमेकडचा बराच भाग एके काळी खाजणाचा आणि दलदलीचा होता. चिंचोली बंदर हे नाव आजही रिक्षावाले दिवसातून शंभर वेळा उच्चारतात. ‘बंदर’ हा शब्द तेथे का आला, याचा विचार घर घेणाऱ्याने क्षणभर तरी करावा. जमिनीचे जुने नाव ही पुष्कळदा तिची सर्वांत जुनी कैफियत असते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४.२ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी कुलाब्याला पडला तो केवळ ७३.४ मिलिमीटर. एकाच शहरात एका टोकाला प्रलय आणि दुसऱ्या टोकाला नेहमीचा श्रावणपूर्व पाऊस. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, तोही समुद्राला ओहोटी आहे असे धरून. त्या दुपारी काही तासांत ताशी शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. या वाहिन्यांची क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी, असे सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ पासूनच तयार होता. प्रलयानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, तिचा अहवाल २००६ मध्ये आला, कामे निघाली, उदंचन केंद्रे उभी राहिली. तरीही पावसाने आपली सवय सोडली नाही. १ जुलै २०१९ च्या रात्री पुन्हा तसाच पाऊस कोसळला. २ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर. त्या रात्री मालाडच्या भुयारी मार्गात पाण्यात अडकलेल्या मोटारीतून दोन माणसांना बाहेर पडता आले नाही. त्याच रात्री पूर्वेला पिंपरीपाड्यात महापालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळली आणि तिसांच्या आसपास जीव गेले. पिंपरीपाड्यातील माणसांना घर निवडण्याची मुभाच नव्हती. ज्यांना ती आहे त्यांनी तरी ती डोळे उघडे ठेवून वापरावी.

याच ठिकाणी भाषेचा एक खेळ ध्यानात घेण्याजोगा आहे. सांगली-कोल्हापूरकडे नदीचे पाणी घरात आले की त्याला पूर म्हणतात, महापूर म्हणतात. मुंबईत तेच पाणी घरात आले की ‘पाणी तुंबले’ किंवा ‘पाणी साचले’ असे म्हणतात. पूर ही आपत्ती ठरते, तुंबणे ही गैरसोय. पुराला रेषा असते. राज्याच्या जलसंपदा विभागाने नद्यांच्या काठी निळी रेषा आणि लाल रेषा आखण्याची पद्धत घातली आहे. साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोहोंच्या मध्ये निर्बंध. रेषा आखली म्हणून ती पाळली जातेच असे नाही. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले तेव्हा ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पण रेषा असली की निदान विचारता तरी येते. तुंबलेल्या पाण्याला कोणती रेषा? नकाशावर खूण नाही, म्हणून करारात उल्लेख नाही, म्हणून विचारण्याची रीतच नाही.

या मासिकाच्या वाचकांत कृष्णा आणि पंचगंगेच्या काठची कुटुंबे थोडी नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, त्याची आठवण तेथील घराघरांत आहे. त्या गावांत घर घेणारा माणूस पहिल्या भेटीतच सहज विचारतो, “२००५ ला पाणी कुठवर आले होते? २०१९ ला?” आणि समोरचा माणूस भिंतीवर हात ठेवून दाखवतो. यात कोणाचा अपमान होत नाही की सौदा मोडत नाही. तोच गृहस्थ गावची जमीन विकून मुलासाठी मालाडला घर घेण्यास येतो, तेव्हा मात्र हा प्रश्न त्याच्या ओठावर येत नाही. नदी दिसत नाही, मग पाणी कुठून येणार, असा त्याचा समज असतो. शिवाय मोठ्या शहरात, इंग्रजी कागदपत्रांच्या ढिगापुढे, असा घरगुती प्रश्न विचारणे त्याला थोडे खेडवळ वाटते. वास्तविक साऱ्या कागदांत नसलेला, पण सर्वांत शहाणपणाचा प्रश्न तोच असतो.

कायदा या बाबतीत अगदीच मुका आहे असे नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या पंचावन्नाव्या कलमात विकणाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत आणि त्यांतील पहिलेच कर्तव्य हे आहे: मालमत्तेत अथवा मालकीहक्कात एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्यास माहीत असेल, घेणाऱ्यास माहीत नसेल आणि नेहमीची काळजी घेऊनही त्याच्या ध्यानात येण्याजोगा नसेल, तर विकणाऱ्याने तो उघड केला पाहिजे. त्याच कलमाच्या शेवटी असेही म्हटले आहे की हा खुलासा न करणे हे कपट होय. नियम जुना आहे आणि आजही तो लागू आहे. दरवर्षी जुलैत घरात वीतभर पाणी येणे हा महत्त्वाचा दोष नव्हे असे कोण म्हणेल? आणि डिसेंबरात रंगवलेल्या भिंतीकडे पाहून तो कोणाला कळेल?

तथापि या कलमाला दोन पळवाटा आहेत आणि त्या घेणाऱ्याने आधीच ओळखाव्यात. पहिली अशी की करारात याच्या विरुद्ध काही ठरले असेल तर हे कर्तव्य मागे पडते. मुंबईतील अनेक करारांत ‘जसे आहे, जेथे आहे तसे’ हे शब्द छापील मसुद्यातच असतात. घेणाऱ्याने मालमत्तेची पूर्ण पाहणी केली असून त्याचे समाधान झाले आहे, असेही एक वाक्य असते. सही करणारा ते वाचत नाही, वाचले तरी शिष्टाचाराचे वाक्य समजून सोडून देतो. न्यायालयात मात्र ते शिष्टाचाराचे राहत नाही. दुसरी पळवाट ‘नेहमीची काळजी’ या शब्दांत आहे. “शेजाऱ्याला विचारले असते तर कळले असते, यांनी विचारलेच नाही,” असे विकणारा म्हणू शकतो. करार कायद्याचाही रोख असाच आहे: समोरच्याचे मौन कपटाचे असले तरी साध्या चौकशीने सत्य कळण्याजोगे होते, तर केवळ त्या मौनाच्या आधारे करार रद्द करून घेता येत नाही.

हा करार कायदा १८७२ चा, आणि त्याच्या सतराव्या कलमात मौनाविषयी जी उदाहरणे दिली आहेत ती मुळातूनच समजून घेण्याजोगी आहेत. एक माणूस आपला घोडा लिलावात विकतो. घोडा आजारी आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, एवढ्याने ते कपट होत नाही. घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र नात्यामुळे बोलणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि तिसरे उदाहरण सर्वांत मोलाचे: घेणारा जर म्हणाला की तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा धडधाकट आहे असे मी समजेन, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच होय. दीडशे वर्षांपूर्वी घोड्याच्या निमित्ताने सांगितलेली ही युक्ती मालाडच्या तळमजल्याला जशीच्या तशी लागू पडते. प्रश्न विचारला की मौनाचा अर्थच बदलतो.

त्यासाठी लांबलचक कागद लागत नाही. इसारा देण्यापूर्वी विकणाऱ्यास एक साधे पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. मजकूर असा काहीसा चालेल: “सदर घरात, तसेच इमारतीच्या आवारात, वाहनतळात, जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, लिफ्टच्या खड्ड्यात किंवा भूमिगत पाण्याच्या टाकीत सन २००५ पासून आजवर पावसाचे, नाल्याचे अथवा भरतीचे पाणी शिरले असल्यास ती वर्षे, पाण्याची उंची आणि ते किती वेळ राहिले हे कृपया लेखी कळवावे. पाण्यामुळे विमा कंपनीकडे वा शासनाकडे नुकसानीचा दावा केला असल्यास त्याचीही माहिती द्यावी. आपले उत्तर न आल्यास असे पाणी कधीही शिरलेले नाही असे समजून मी हा व्यवहार करीत आहे.” आलेले उत्तर कराराला परिशिष्ट म्हणून जोडावे. उत्तर देण्यास विकणाऱ्याने टाळाटाळ केली तर तेही एक उत्तरच आहे. वकिलाच्या मसुद्यात ‘जसे आहे, जेथे आहे’ असे शब्द असतील, तर पाण्याविषयीचे लेखी निवेदन त्यातून वगळले आहे एवढी एक ओळ घालून घ्यावी.

नव्या इमारतीची गोष्ट थोडी निराळी. स्थावर संपदा कायदा २०१६ चा, आणि महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा काम पाहते. विकासकाने नोंदणीच्या वेळी मंजूर नकाशे, मालकीहक्क, बोजे, पूर्णत्वाची तारीख असे बरेच काही जाहीर करावे लागते. कायद्याच्या त्या यादीत या जागेवर पाणी साचते का, हे सांगा असे म्हटलेले नाही. ही उणीव आहे आणि ती भरून निघावी अशी मागणी गृहखरेदीदारांनी करावयास हवी. दरम्यान दोन कलमे हाताशी ठेवावीत. बाराव्या कलमानुसार जाहिरातीतील वा माहितीपत्रकातील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. म्हणून ‘जलभरावमुक्त परिसर’ असे कोठे छापले असेल तर तो कागद टाकून देऊ नये. चौदाव्या कलमानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील वा सेवांमधील दोष दाखवून दिल्यास तो विकासकाने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. पुनर्विकासात नवी इमारत जोते उंच करते, त्यामुळे तिचे आवार कोरडे राहते आणि शेजारच्या जुन्या इमारतीत पाणी वाढते, हा मालाडमधील अनेक गल्ल्यांचा अनुभव आहे. रस्त्यावर काँक्रीटचा थर चढत गेला आणि इमारत होती तेथेच राहिली, हाही. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी कोरडे असलेले घर आजही कोरडे असेल असे गृहीत धरू नये.

अन्य देशांत हा प्रश्न घेणाऱ्याच्या हुशारीवर सोडलेला नाही. जपानमध्ये ऑगस्ट २०२० पासून घर दाखवणाऱ्या दलालावरच बंधन आहे: करारापूर्वी त्याने पालिकेचा पूरधोक्याचा नकाशा काढून, हे घर त्यावर नेमके कोठे येते ते ग्राहकाला दाखवले पाहिजे. फ्रान्समध्ये २००६ पासून विकणाऱ्याने नैसर्गिक धोक्यांचा खुलासा कागदावर द्यावा लागतो आणि पूर्वी आपत्तीची विमाभरपाई मिळाली असल्यास तीही सांगावी लागते. न्यूयॉर्क राज्याची कथा मात्र गमतीची. तेथे घराच्या स्थितीचा खुलासा करण्याची सक्ती होती, पण तो न करता विकणारा घेणाऱ्यास पाचशे डॉलर देऊन मोकळा होऊ शकत असे, आणि पुष्कळजण तेच करीत. मौनाचा भाव कायद्यानेच ठरवून दिला होता म्हणावयाचा. मार्च २०२४ पासून ती सवलत गेली आणि खुलाशात पुराविषयीचे प्रश्न घातले गेले. मुंबईत मौनाला अद्याप पाचशे रुपयेही पडत नाहीत.

येथे सोसायट्यांविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. “पाण्याचे बोलू नका, भाव पडेल,” हे वाक्य वार्षिक सभेत दबक्या आवाजात उच्चारले जाते आणि त्यावर सारे मान डोलावतात. एरवी दानधर्मात, तपस्येत अग्रभागी असणारी माणसेही त्यांत असतात. आपण खोटे कोठे बोललो, केवळ बोललो नाही, अशी मनाची समजूत घातली जाते. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात श्रावकाने वर्ज्य करावयाची जी पाच स्थूल असत्ये सांगितली, त्यांत कन्येविषयीचे, गाईविषयीचे आणि भूमीविषयीचे असत्य ही तीन पहिली आहेत. ठेव बुडवणे आणि खोटी साक्ष ही त्यानंतरची. भूम्यलीक, म्हणजे जमिनीविषयी खोटे: नापीक जमीन सुपीक म्हणून सांगणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. सखल जमीन उंच म्हणून विकणे त्याहून फारसे दूर नाही. ज्या समाजाचा व्यापार शब्दावर चालतो असा लौकिक आहे, त्याच्या घरांच्या व्यवहारात तरी हा शब्द प्रथम उच्चारला जावा.

आणि उच्चारल्याने फार बिघडते असेही नाही. समजा, विकणाऱ्याने लिहून दिले की २००५ साली कमरेइतके, २०१९ साली घोट्याइतके पाणी आले. नंतर सोसायटीने मीटर चार फूट वर घेतले, उंबऱ्याला कट्टा बांधला, टाकीचे तोंड उंचावले. घेणारा भाव करील, काही रक्कम कमी होईल. पण त्याच पैशांत तो खालच्या कपाटांऐवजी वरची कपाटे करील, विजेची बटणे उंच बसवील, कागदपत्रे आणि औषधे वर ठेवील, आजीची खोली दाराशी न करता आत करील. शिवाय पूर आणि जलमयतेचे नुकसान समाविष्ट करणारा विमा घेईल; एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ या नावाची प्रमाणित योजना सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे उपलब्ध आहे. ज्याला सांगितले नाही तो हे सारे पहिल्या जुलैनंतर शिकतो, गादी, धान्य आणि मुलांची पुस्तके फेकून दिल्यावर.

विकणाऱ्याच्या शब्दाखेरीज तपासण्याच्या वाटाही आहेत. सहकारी संस्था कायद्याच्या बत्तिसाव्या कलमानुसार सभासदाला सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते आणि लेखापरीक्षित ताळेबंद पाहण्याचा हक्क आहे. घेणारा अद्याप सभासद नसतो, म्हणून त्याने विकणाऱ्याकडून मागील दहा वर्षांची इतिवृत्ते मागवावीत. जुलै-ऑगस्टमध्ये पंपाची मोटार, लिफ्टची दुरुस्ती, टाकीची सफाई असे खर्च वरचेवर दिसले, तर पाणी कोठे जाते ते कळून येते. लिफ्टच्या देखभालीला येणारा कारागीर खड्ड्यात किती वेळा पाणी होते ते तोंडपाठ सांगतो. महापालिकेकडून विकास आराखड्यानुसार त्या भूखंडाचा अभिप्राय मिळतो. नाला, रस्तारुंदी, किनारा नियमन क्षेत्र यांचा उल्लेख त्यात पाहावा. १९१६ या आपत्कालीन क्रमांकावर त्या गल्लीतून पाणी भरल्याच्या किती तक्रारी आल्या, हे माहितीच्या अधिकारात विभाग कार्यालयाला विचारता येते. आणि साधे डोळेही पुष्कळ सांगतात: रस्त्यापेक्षा आवार खाली आहे का, जिन्याखालच्या रंगाच्या आत ओलीची आडवी रेषा उमटली आहे का, तळमजल्याच्या दुकानांनी उंबरे का उंचावले आहेत, दुचाकी सारख्या वरच्या उतारावरच का लावल्या जातात.

सर्वांत चांगला उपाय मात्र थोडा धीर मागतो. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी महापालिका साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. हे दिवस बहुधा अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे येतात आणि मुंबईत उधाणाची ती भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास असते. तिथी पाहणाऱ्या घराला हे हिशेब नवे नाहीत. इसारा कार्तिकात द्यावयाचा असला तरी घर आषाढात किंवा श्रावणात, अशा एखाद्या दिवशी, पाऊस चालू असताना एकदा पाहून यावे. छत्री घेऊन, शक्यतो स्टेशनवरून चालत, भुयारी मार्गाच्या बाजूने. इमारतीपाशी पोचल्यावर रखवालदाराजवळ दहा मिनिटे थांबावे आणि सांगलीकर जसा विचारतो तसेच त्याला विचारावे, “दादा, पाणी कुठवर येते?” तो बहुधा तोंडाने उत्तर देत नाही. भिंतीवर हात ठेवून दाखवतो.